माहेर म्हणजे महादेव घरत

जासईच्या अलीकडे, जिथे कंटेनरच्या उतरंडी गावदेवीच्या कळसाच्या वर गेल्या आहेत, तिथे महादेव घरताचं घर आहे. घरापुढे ओटा, ओट्यापुढे अंगण आणि अंगणात उपडे घातलेले तांब्याचे टोप. एकेका टोपात माणूस उकिडवा बसला तर दिसायचा नाही. पाहुणा पहिल्यांदा आला की टोपांकडे बघतो, मग महादेवकडे बघतो आणि आवाज खाली आणून बोलायला लागतो.

महादेव हळदीचा आचारी. पनवेलपासून उरणपर्यंत आमच्या लोकांत लग्न म्हणजे आदल्या संध्याकाळची हळद. लग्नाला एखादा माणूस चुकेल, हळदीला चुकत नाही. तिथे मटण असतं, वडे असतात, तांदळाच्या भाकऱ्या असतात, बेंजो असतो, आणि मांडवामागे तीन दगडांच्या चुलीवर टोप असतो. त्या टोपाशी महादेव उभा असला की यजमान निर्धास्त नाचायला जातो.

महादेवच्या बापाने मिठागरात मीठ पिकवलं. पुढे मिठागरं गेली, त्या जागी यार्ड आली, आणि घरताच्या घराण्याकडे मीठ उरलं ते टोपात घालण्यापुरतं. महादेव ते मुठीने घालतो. चमच्याशी त्याची ओळख नाही. एकदा पनवेलच्या कुणा बाईने कौतुकाने विचारलं, "दादा, पाच माणसांच्या मटणाला मीठ किती घालायचं?" महादेवने बराच वेळ विचार केला आणि म्हणाला, "पाच माणसांना मटण कशाला करता?"

घरातली चूल मात्र त्याची नव्हती. ती शकूची, त्याच्या बायकोची. बाहेरचं तो रांधायचा, घरातलं ती, आणि दोघांनी एकमेकांच्या चुलीत कधी फुंकर घातली नाही. शकू गेल्यावर महादेवने घरात डाळ शिजवली. ती त्याने खाल्ली, शकूच्या भावाच्या घरी दिली, शेजारी दिली, उरलेली गाईला घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच झालं. एका माणसाची डाळ केवढी असते हे त्याच्या हाताला कळेचना. मग त्याने घरात रांधणं सोडलं आणि नाक्यावरच्या खानावळीत जेवायला लागला, जिथे त्याच्या मते भाजीला चव नसते, पण मापाची असते.

त्याला एकच मुलगी, मनस्वी. तिचं लग्न निकेशशी झालं. निकेश नवीन पनवेलचा. द्रोणागिरीच्या गोदामांत कंटेनरचा कुठला डबा कुठे जातो हे बघायचं त्याचं काम. तेच काम करायला तो हॉलंडात रॉटरडॅमला गेला आणि मनस्वी त्याच्यासोबत गेली. महादेवला यात फारसं नवल वाटलं नाही. इथले डबे तिथे जातात, तिथले इथे येतात, जावई एखाद्या डब्यामागे गेला असेल.

एक दिवस तिचा फोन आला. "बाबा, तू आजोबा होणार."

"बरं," महादेव म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "जेवलीस का?"

फोन ठेवून तो अंगणात गेला आणि संध्याकाळ होईपर्यंत चिंच आणि राख घेऊन सगळे टोप घासत बसला. ते आदल्याच दिवशी घासलेले होते.

सातव्या महिन्यात मनस्वीच्या सासूने, मनिषाताईंनी, नवीन पनवेलच्या फ्लॅटमध्ये ओटी भरण्याचा कार्यक्रम ठेवला. मनिषाताई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, बोलणं स्वच्छ, कामाला चोख. ओटी जिची भरायची ती रॉटरडॅमला, म्हणून त्यांनी मधोमध पाट मांडला, भोवती रांगोळी काढली आणि पाटावर तांब्याला टेकवून मोबाइल उभा केला. मोबाइलमध्ये मनस्वी हिरवी साडी नेसून बसली होती. सवाष्णी एकेक करून येत, मोबाइलच्या कपाळाला कुंकू लावत, पुढे नारळ-तांदूळ ठेवत. तिसऱ्या कुंकवानंतर मनस्वीला सगळं लाल दिसायला लागलं. मग कुणीतरी पदराने तिला पुसलं.

महादेव दाराशी, पुरुषांत बसला होता. त्याच्याशेजारी त्याचा मेव्हणा बाळू. बाळू हळदीत कांदा चिरतो आणि बाकी वेळ बोलतो.

जेवणं आटोपताना मनिषाताई म्हणाल्या, "नववा लागला की मी निघते. सव्वा महिना राहीन. तिच्या फ्लॅटमध्ये जागा एकाचीच आहे, म्हणजे तसा प्रश्नच नाही."

"पहिलं बाळंतपण माहेरचं असतं," दारातून आवाज आला.

सगळ्या बायकांनी मान वळवली. बाळूने तोंडातला घास तसाच ठेवला.

मनिषाताई समजुतीने म्हणाल्या, "अहो महादेवराव, रीत मला माहीत आहे. पण शकूताई असत्या तर गोष्ट वेगळी. आता माहेरी आहे कोण?"

"मी हाय."

कुणी हसलं नाही, कारण महादेव हसत नव्हता. एका म्हातारीने हळूच विचारलं, "हा काय करणार तिथे?" दुसरी म्हणाली, "वडे." तेव्हा मात्र बायका हसल्या.

हे सगळं पाटावरचा मोबाइल ऐकत होता. मनिषाताई त्याच्याकडे वळल्या. "मनू, तूच सांग बाई. कुणी यायचं?"

मोबाइल म्हणाला, "मी विचार करून सांगते."

परतताना रिक्षात बाळू म्हणाला, "दाजी, तुमाला बाळंतपणातलं काय येतं?"

"काय नाय."

"मग?"

"तुला कांदा चिरता येत होता काय? शिकलासच ना."

"ते कांदं होतं," बाळू म्हणाला.

गावात हौसा नावाची म्हातारी आहे. आसपासच्या तीन गावांतली निम्मी माणसं तिने पायांवर घेऊन न्हाऊ घातलेली. त्यांतल्या एकानेही पुढे तिच्यासमोर मोठेपणा मिरवलेला नाही, कारण ती ज्याला त्याला त्याचं लहानपण सांगते. दुसऱ्या दिवशी सकाळी महादेव तिच्या ओट्यावर जाऊन बसला.

"हौसाबाय, मना शिकव."

हौसाने त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "महाद्या, तू स्वतः न्हाताना रडायचास. बेंबी सुकल्यावरपन रडायचास."

"शिकव."

"पोर कुणाचं आणू शिकवायला? तुझ्या हातात कोण देल?"

हे खरं होतं. गावात दोन तान्ही होती, आणि महादेव गल्लीतून गेला की दोघांच्या आया दार लोटून घेत. शेवटी महादेवने घरून कणीक मळून आणली. हौसाने तिला डोकं, हात, पाय केले आणि मधोमध बोट दाबून बेंबी काढली. महादेव पाय लांब करून बसला, कणकेचं पोर पायांवर घेतलं आणि त्याला तेल लावायला लागला. हात कामातला. अंगठ्याने, तळव्याने, गोल, न थांबता. हौसा बघत राहिली. जरा वेळाने पोर पातळ आणि वाटोळं झालं.

"मेल्या," हौसा म्हणाली, "पोर हाय ते. वडा नाय."

दुसऱ्या पोराचंही तेच झालं. तिसरं मात्र शेवटपर्यंत पोरच राहिलं. हौसाने टाळूवर तेल कसं थोपटायचं ते दाखवलं, कानात फुंकर कशी घालायची, धुरीला ओवा कसा टाकायचा, न्हाऊन झाल्यावर घट्ट कसं गुंडाळायचं, तेही दाखवलं. महादेव रोज जायला लागला. शिकून झालं की कणीक घरी नेऊन गाईला घालायचा. गाय त्या दिवसांत तुकतुकीत दिसत होती.

एक दिवस हौसा म्हणाली, "पोराचं तुला आलं. आता खरं सांग. पोरीच्या अंगाला तेल कोण लावल? पोट कोण बांधल तिचं? बाप म्हणून तू?"

हातातली कणीक महादेवने ताटात ठेवली आणि तिच्यावर ओलं फडकं टाकलं. हा प्रश्न मनिषाताईंना अजून सुचला नसेल अशी आशा तेवढी त्याला होती.

तोवर त्याने लाडू केले. बाळंतिणीला डिंकाचे लाडू लागतात, आणि ते करून नेण्याआधी एकदा हात बसवावा असा त्याचा विचार. बाळूने शंभरदा सांगितलं होतं की एका बाईपुरते करा. महादेवने वाटीभर डिंक घेतला, छोटी कढई घेतली आणि तूप घातलं. डिंक फुलेपर्यंत त्याला त्या कढईत एवढासा झारा फिरवताना इतकं ओशाळल्यासारखं झालं की त्याने कढई उतरवली आणि अंगणातला टोप चढवला. मग खारीक, खोबरं, खसखस, सुंठ, गूळ, सगळं टोपाला शोभेल असं पडलं. लाडू वळायला बाळूच्या घरची माणसं आली. ते लाडू गावभर वाटले. यार्डातल्या ट्रेलरच्या ड्रायव्हरांनी खाल्ले, भजनी मंडळाने खाल्ले, पोलीस पाटलाने दोनदा मागून नेले. त्या आठवड्यात गावात एकही बाळंतीण नव्हती, पण पुरुषांच्या पाठी पुष्कळ सुधारल्या.

"दाजी," बाळू लाडू खात म्हणाला, "चव झालीय. पन मनूला जुळं झालं तरी एवढं लागनार नाय."

मनस्वीचा फोन दर रविवारी यायचा. ती काय खाल्लं, किती चालले, डॉक्टर काय म्हणाली ते सांगायची. कोण येणार ते सांगायची नाही. महादेव विचारायचा नाही. मग एका रविवारी ती म्हणाली, "बाबा, इथे बाळ झालं की एक बाई घरी येते. आठवडाभर रोज. आईचं आणि बाळाचं सगळं बघते. इथे सगळ्यांकडेच येते."

"कोण लागते ती आपली?"

"कुणी नाही. तिची नोकरीच आहे ती. आज ती घर बघायला आली आहे, तुझ्याशी बोलायचंय म्हणते. थांब."

पडद्यावर एक उंच, पिकल्या केसांची बाई आली आणि तिने हात हलवला. तिचं नाव मारेके. महादेवने सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि नमस्कार केला. पुढचं बोलणं मनस्वीने इकडून तिकडे आणि तिकडून इकडे केलं.

मारेके आधी पलंगाबद्दल बोलली. पलंग असा खाली चालणार नाही, चारी पायांखाली ठोकळे देऊन उंच करावा लागेल, हा तिचा नियमच आहे.

महादेवचा चेहरा उजळला. त्याने बाळूला कोपराने ढोसलं. "बघ, तिथेपन माहीत हाय लोकांना." मग मोबाइलकडे वळून म्हणाला, "बाईला सांग, शेगडी मी घेऊन येतो. लोखंडाची हाय, टिकाऊ. निखारे तिथे मिळतील ना?"

मनस्वीने लगेच भाषांतर केलं नाही.

"सांग ना," महादेव म्हणाला.

तिने सांगितलं. मारेकेने काहीतरी विचारलं. मनस्वीने मान हलवली. मारेकेने पुन्हा तेच विचारलं, यावेळी हाताने पलंगाच्या खाली दाखवून. मनस्वीने पुन्हा मान हलवली.

"बाबा, ती म्हणते, पलंग तिच्या कंबरेसाठी उंच करायचा असतो. तिला सारखं वाकायला लागू नये म्हणून. खाली काही ठेवायचं नसतं. विस्तव तर अजिबात नाही."

महादेवने हे पचवलं. "म्हणजे बाळंतिणीला शेक नाय, आन बाईच्या कंबरेला आराम."

"हे सांगू का तिला?"

"नको. तिला विचार, तुझ्या अंगाला तेल लावून देल काय?"

मनस्वीने विचारलं. उत्तर आलं की तेल तिच्या कामात बसत नाही, पण अंग पुसणं, टाके बघणं, दूध येतंय का बघणं, आईला आंघोळीला धरून नेणं, हे सगळं तीच करते. आणि पाठ दुखत असेल तर पाठ चोळून द्यायला तिची ना नाही. महादेवने हौसाचा प्रश्न आठवला आणि एक लांब श्वास सोडला. शेगडीवरून ज्या बाईवर तो आत्ताच रागावला होता, ती बाई त्याच्या अगदी कामाची निघाली.

मग मारेकेने त्याला विचारलं, तुम्ही आलात तर काय करणार?

"जेवण."

मारेके खूश झाली. दुपारचा पाव-लोणी आईला तीच करून देते, ते काम वाचेल म्हणाली.

"बाळंतिणीला पाव-लोणी?" बाळू ओरडला.

"गप ऱ्हा," महादेव म्हणाला. "आपली बाई हाय ती."

जाता जाता मारेकेने सांगितलं की तिकडे बाळ झालं की भेटायला येणाऱ्यांना टोस्टवर लोणी लावून वर बडीशेपेच्या साखरगोळ्या घालून देतात. महादेवला एवढंच पुरलं. बडीशेप आहे म्हणजे माणसं वाईट नसणार.

फोन बंद होण्याआधी त्याने पहिल्यांदा स्वतःहून विषय काढला. "मग बाय, ठरवलंस काय?"

"सांगते बाबा."

"काय अडतंय?"

"सोमवारी व्हिसासाठी एकाचं नाव द्यायचंय. त्याच्याआत सांगते."

शनिवारी चिरनेरला भगवान पाटलाच्या मुलीची हळद होती. मांडव भरलेला, बेंजो जोरात, लग्नाची गाणी म्हणणाऱ्या धवलारणी आत नवरीपाशी गात होत्या. महादेवने मटण परतलं, पाणी घातलं. रस्सा दाटायला लागला. हीच वेळ अशी की टोपापासून हलायचं नसतं. झारा तळापर्यंत जाऊन फिरत राहिला पाहिजे, नाहीतर मसाला तळाला धरतो.

खिशातला फोन वाजला. मनस्वी. अजून उजेड होता; तिच्याकडे तर दुपार. महादेवने डाव्या हाताने फोन कानाला लावला, उजव्या हाताने झारा चालूच.

"बाबा, मी निकेशच्या मम्मींचं नाव देते."

झारा एक फेरी फिरला. "बरं," महादेव म्हणाला. दुसरी फेरी फिरली. "का?"

"तुला इथे करमणार नाही. थंडी आहे. जिना उभा आहे."

"खरं काय ते सांग."

मनस्वी म्हणाली, "इथे माझी मैत्रीण आहे, मिताली. मागच्या वर्षी तिला बाळ झालं, तिची आई आली होती. मी रोज जायचे. पहिले दहा-बारा दिवस मिताली नुसती आईवर ओरडायची. चहा आणला, ओरडली. बाळाला उचललं, ओरडली. नाही उचललं, ओरडली. आई बाथरूममध्ये जाऊन रडून यायची आणि परत चहा आणायची. बाबा, माझंही तसंच होणार. आई असती तर मी तिच्यावर ओरडले असते. मम्मींवर मी ओरडू शकत नाही, त्या आल्या तर मी नीट वागेन. जमेल मला. पण तुझ्यावर मी आयुष्यात आवाज चढवलेला नाही. तू आलास तर मला नीट पण वागावं लागेल आणि तुला सांभाळावं पण लागेल."

महादेवने झारा टोपाच्या कडेला टेकवला. "ओरड," तो म्हणाला.

"काय?"

"आता ओरड. बघू जमतं काय."

"असं कसं ओरडू? काहीतरी काय बाबा."

"काहीपन काढ. सुरू कर."

"बरं..." ती अडखळली. "तू व्हिडिओ कॉलला फोन कानाला लावतोस. मला अर्धा तास तुझा कान दिसतो. आत्तासुद्धा दिसतोय."

"हां. पुढे."

"रोज दुपारी खानावळीत जेवतोस. मला सांगतोस घरी रांधलं. बाळूमामा मला सगळं सांगतो."

"पुढे."

"पुढे पुढे काय करतोस, भजन आहे का!" तिचा आवाज जरा चढला. महादेवने मान डोलावली. "तू काहीच बोलत नाहीस. आजोबा होणार म्हटलं तरी म्हणतोस, बरं. मी रडले फोन ठेवून. निकेश म्हणाला, ते तसेच आहेत. का तसेच? आणि..." पुढे जे आलं ते ठरवून काढलेलं नव्हतं. "आईच्या तेराव्याला तू टोपापाशी होतास. सगळा दिवस. एवढी माणसं आली, मी एकटी फोटोजवळ बसले होते. प्रत्येक जण विचारत होता, बाबा कुठे? मी सांगत होते, मागे आहेत, जेवण बघतायत. एकदा आत आलास, एकदाच, आणि मला काय विचारलंस? भाजीत मीठ बरोबर हाय काय! मीठ! मी तुला काय सांगितलं आठवतंय? बरोबर आहे म्हटलं. मी ती खाल्लीच नव्हती!"

ती आता खरोखर ओरडत होती. महादेवने फोन कानापासून दूर केला नाही. त्याने टोपाकडे पाठ केली आणि मांडवापासून दोन पावलं लांब सरकून उभा राहिला, बेंजो कमी ऐकू यावा म्हणून.

"दाजी!" मागून बाळू ओरडला. त्याच्या दोन्ही हातांत वाटपाचं पातेलं होतं. "दाजी, टोप!"

"बोल," महादेव फोनमध्ये म्हणाला.

मनस्वी बोलली. आईच्या साड्या तिला न विचारता वाटून टाकल्या, तेही बोलली. लग्नात पाठवणीच्या वेळी तो जेवणाच्या मांडवात गेला, तेही बोलली. बोलता बोलता ती रडायला लागली आणि रडता रडता ओरडत राहिली. महादेव मध्ये एकदाही 'बरं' म्हणाला नाही.

ती थांबल्यावर तो म्हणाला, "आत आलो असतो तर बसायला लागलं असतं. शकूच्या फोटोसमोर. टोपाजवळ हात तरी हलत होते."

पलीकडून बराच वेळ नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

"बाबा, तिकडे कोण एवढं ओरडतंय?"

"बाळूमामा."

"का?"

"मटण लागलं."

"लागलं म्हणजे? तू हळदीत आहेस? टोप चढवलेला सोडून तू माझ्याशी..." ती थांबली. "बाबा, अरे सहाशे माणसं असतील!"

"जास्तच हाय. तुझं झालं काय? का अजून हाय?"

बेंजोवाल्याने गाणं बदललं. मग ती म्हणाली, आणि आवाज अजून चिडकाच होता, "पासपोर्टचा फोटो काढून पाठव. नीट काढ. मागच्या वेळेसारखा अर्धा नको."

महादेव टोपापाशी आला तेव्हा वास मांडवभर झाला होता. त्याने आणि बाळूने तळ न हलवता वरचं मटण तीन पातेल्यांत काढलं, त्यात भाजलेले बटाटे टाकून वास शोषून घेतला, खोबऱ्याचं वाटण वाढवलं. तळाशी काळी, जाड खरपुडी राहिली. भगवान पाटील पिवळा होऊन नाचता नाचता आला, टोपात वाकून बघितलं आणि उभाच राहिला.

"महादेवदादा, माझ्या पोरीच्या हळदीत?"

"तुझ्या पोरीच्या हळदीत," महादेव म्हणाला. "माझ्या पोरीचा फोन होता."

भगवान पातेल्यांवर एक नजर टाकून मांडवात परत गेला. लोक जेवले. काहींनी नावं ठेवली, काहींनी धुराची चव मुद्दाम आणली असं समजून परत मागितलं. पुढच्या महिन्यातल्या एका हळदीचं काम मात्र महादेवच्या हातून गेलं, आणि बाळूने ते त्याला पुष्कळ दिवस ऐकवलं.

सोमवारी महादेव इस्त्रीचा सदरा घालून नवीन पनवेलला गेला. मनिषाताईंनी दार उघडलं. त्यांना सगळं आधीच कळलं होतं. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि समोर लोकरीचं एक गाठोडं ठेवलं. त्यात टोपडी होती, झबली होती, आणि निकेशच्या बापाचा जुना जाड स्वेटर होता.

"हा तुम्हाला होईल," त्या म्हणाल्या. "बाहीला थोडा मोठा आहे. आणि निकेशला सकाळी काही खायला दिल्याशिवाय बोलू नका त्याच्याशी."

"बरं."

"तुमचा सव्वा महिना झाला की मग मी."

"या ना. तुमचंच घर हाय."

मनिषाताई गाठोड्याची गाठ पुन्हा नीट मारत बसल्या. ती आधीच नीट होती.

"निकेश सांगत होता," त्या म्हणाल्या, "तीन वर्षांत त्याने तिचा असा आवाज ऐकला नव्हता. खालच्या मजल्यावरचा माणूस वर येऊन विचारून गेला म्हणे." गाठ मारून झाली. "माझ्याशी ती फार नीट वागते हो, महादेवराव. फारच नीट."

महादेवने गाठोडं उचलून खांद्याला लावलं आणि दाराकडे निघाला. उंबऱ्यात थांबून त्याने थोडा विचार केला.

"तुमी याल तोवर," तो म्हणाला, "तिला ओरडायची सवय झालेली असल."